कुणाचाही चहा न पिणारे साडूभाऊ

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात कुणाच्याही घरचा चहा न पिता पन्नाशी ओलांडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आमच्याकडे पाहुणा दारात दिसला की आधी पातेलं चढतं आणि मग तो कशाला आला ते विचारतात. चहाला नाही म्हणणं म्हणजे जवळजवळ भांडण उकरून काढणं. साडूभाऊ मात्र खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःचा थर्मास काढतात, स्वतःच्या कपात स्वतःचा चहा ओततात आणि घरच्या बाईनं आणलेल्या कपाकडे असे बघतात, की तिनं त्यात लाच उकळून आणली असावी. "चहा पेला का मानूस मान हालवते," असं त्यांचं तत्त्वज्ञान. "आधी चहाले हालवते, मंग कायलेबी हालवते." त्यांच्यामुळे किती घरांशी आमचे संबंध थंड झाले याचा हिशेब माझ्या बायकोकडे आहे.

हे खूळ लग्नाआधीपासूनचं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला पाहायला ते माझ्या सासुरवाडीला, मालेगावला आले, तेव्हाची गोष्ट घरात अजून सांगतात. पोह्यांची ताटली समोर आली, चहा आला, पाणी आलं. यांनी कशालाही हात लावला नाही. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. सासऱ्यांचा चेहरा पडला, स्वयंपाकघरात आत्याबाईंनी मुलाकडच्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला, मुलगी आत रडायला लागली. शेवटी यांच्या मामांनी कोपर मारलं तेव्हा हे बोलले, "पोरगी पसंत हाय. पोहे खाऊन पसंत केली असं उद्या कोनी म्हनू नये, म्हनून खाल्ले नाहीत." सगळे हसले म्हणतात. माझे सासरे हा किस्सा सांगताना आजही हसत नाहीत.

लग्नकार्यात टोपी-दुपट्टा घेणं त्यांनी कधीच सोडलं. कुणाचं नाव छापलेली वस्तू त्यांना अंगाला लागलेली चालत नाही. पेरणीच्या दिवसांत रिसोडच्या बाजारात बियाण्यांच्या कंपन्या टोप्या, छत्र्या, पिशव्या फुकट वाटतात आणि सारा तालुका वर्षभर त्याच मिरवतो. मेहुणीनं एकदा अशी पिशवी घरी आणली. साडूभाऊंनी ती उलटी करून दिली. तेव्हापासून ती माउली शिवणी आणि लोंबणारे दोरे बाहेर काढलेल्या पिशवीतून वांगी आणते. खताच्या दुकानानं दिलेल्या कॅलेंडरवरची जाहिरात तर त्यांनी कात्रीनं कापूनच टाकली. पानाच्या मागच्या बाजूला पुढच्या महिन्याचा शेवटचा आठवडा होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे त्या वर्षी त्यांच्या घरी दर दुसरा महिना तेवीस तारखेला संपे. मेहुणीच्या भिशीचा दिवस सत्तावीस होता, तो त्या घरात सहा वेळा उगवलाच नाही.

आता असा माणूस उपोषणाला बसणारा व्हायला हवा होता. झाला संगणकवाला. रिसोडला आयटीआयमध्ये ते संगणक शिकवतात. माझं वाशीमला छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका, जयंतीचे बॅनर, दुकानांच्या पाट्या. आमच्या धंद्यात जुन्या मराठी फॉन्टांचा मोठा जाच होता. प्रत्येक फॉन्टचं राज्य वेगळं. एका संगणकावर टाइप केलेली पत्रिका दुसऱ्यावर उघडली, की वधूच्या जागी उद्गारचिन्हं आणि वराच्या जागी टक्के. मी एकदा त्यांच्यापुढे रडलो. त्यांनी दिवाळीची सगळी सुटी बसून एक प्रोग्राम लिहिला, कुठल्याही जुन्या फॉन्टमधला मजकूर सगळीकडे वाचता येईल अशा अक्षरांत बदलून देणारा. आणि तो विकायचा सोडून या गृहस्थांनी इंटरनेटवर मांडून ठेवला. ज्याला हवा त्यानं न्यावा, आतली यंत्रणा उघडून पाहावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. पैसे नाहीत.

जाणत्या लोकांनी त्यांना सुचवलं, की निदान एक अट घाला, जो कुणी यात सुधारणा करेल त्यानं ती सगळ्यांना परत द्यावी. असे प्रोग्राम मोकळे ठेवणारे पुष्कळ लोक ही अट घालतात म्हणे. साडूभाऊंनी ती घातली नाही. "अट घातली का मी बी मालकच झालो ना," ते म्हणाले. "देल्लं तं देल्लं." मी कपाळाला हात लावला. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण यांना उंटसुद्धा स्वतःचा नको होता.

बघता बघता तो प्रोग्राम राज्यभर पसरला. वर्तमानपत्रं वापरू लागली, कचेऱ्या वापरू लागल्या, माझ्यासारखे शेकडो छपाईवाले वापरू लागले, आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल माणूस जितका उर्मट होऊ शकतो तितके सगळे झाले. एका संपादकानं रागावून लिहिलं होतं, की तुमच्या प्रोग्राममुळे आमच्या अग्रलेखातला 'ऱ्ह' फुटला, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. साडूभाऊंनी अतिशय नम्रपणे उत्तर दिलं, की दुरुस्ती करतो, आणि माल पसंत नसल्यास आपली संपूर्ण रक्कम परत मिळेल. संपादकानं रक्कम मागितलीही असती, अशी माझी खात्री आहे. दुरुस्ती दुपारीच झाली होती.

हळूहळू त्यांच्याभोवती दहाबारा जणांचं टोळकं जमलं. कुणी नांदेडचा, कुणी सांगलीचा, बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. त्यात सगळ्यात हुशार होती आमच्याच जिल्ह्यातल्या अनसिंग गावची सून. पुण्यात राहणारी, इंजिनिअर, मूल झाल्यावर नोकरी सुटली ती सुटलीच. साडूभाऊंना ती दादा म्हणे. निम्मा प्रोग्राम तिनं नव्यानं लिहून काढला, आणि जोडाक्षरांवरून दादांशी इतकी कडाक्याची भांडली, की मला वाटलं आता कुणीतरी कोर्टात जाणार. भांडण झाल्यावर तिचंच बरोबर निघायचं आणि साडूभाऊ मला फोन करून अभिमानानं सांगायचे, "आज पोरीनं मले पार झोपवलं."

या टोळक्याचा कारभार साडूभाऊंनी कुठल्या पुस्तकातून आणला नाही, रिठद या आमच्या गावच्या वस्तीतून उचलला. वस्तीत जयंतीची वर्गणी घराप्रमाणे असते, सगळ्यांची सारखी. मजूर असो की साहेब, एक घर, एक वर्गणी, एक मत. जास्त देतो म्हणाला तरी घेत नाहीत. याला कारण घडलं होतं. एका वर्षी एका कंत्राटदारानं सगळा खर्च एकट्यानं उचलला. वस्ती खूश झाली. मग मिरवणूक त्याच्या दारापुढे अर्धा तास थांबली, त्याच्या पोराच्या हातात माइक आला, आणि बॅनरवर ज्यांची जयंती त्यांच्या फोटोपेक्षा याचा फोटो मोठा झाला. बॅनर मीच छापला होता, तेव्हा मापं मला पाठ आहेत. दुसऱ्या वर्षी म्हाताऱ्यांनी ठराव केला आणि तो अजून चालू आहे. साडूभाऊंनी तोच नियम जसाच्या तसा प्रोग्रामला लावला. वेबसाइट चालवायला लागणारा किरकोळ खर्च, तो सगळ्यांत सारखा वाटलेला, वर्षाला एक बैठक, आणि वस्तीच्या मंडळाचं असतं तसं पावतीपुस्तक. नियमावलीही छापून घेतली, माझ्याकडूनच, आणि माझी मजुरी जबरदस्तीनं दिली.

मग कंपनी आली. नाव सांगत नाही, नावासाठीच तर ती आली होती. पांढऱ्या गाडीतून एक बाई आणि एक साहेब रिसोडच्या क्वार्टरवर उतरले. साडूभाऊंनी मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं होतं. बाईंच्या तोंडात 'कम्युनिटी' हा शब्द सुपारीसारखा सारखा घोळत होता. त्यांना कम्युनिटीसाठी काहीतरी करायचं होतं, कम्युनिटीचं ऋण फेडायचं होतं, कम्युनिटीच्या पाठीशी उभं राहायचं होतं. मी इतकी वर्षं छपाईत आहे. पाठीशी उभा राहणारा प्रत्येक माणूस फोटोत पुढे येतो, एवढं मला कळतं. साहेबांनी पिशवीतून टी-शर्ट काढले, त्यावर साडूभाऊंच्या प्रोग्रामचं नाव बोटभर आणि कंपनीचं हातभर. साडूभाऊंनी ते हात न लावता पाहिले. पाहुण्यांना मात्र त्यांनी चहा पाजला, आग्रह करकरून, दोनदा.

"सर, तुमचं स्वातंत्र्य शंभर टक्के तुमचंच राहील," बाई म्हणाल्या. "आमचं फक्त एक छोटंसं नाव सुरुवातीला दिसेल. आणि पुढे काय काय करायचं ते ठरवताना आमचा एक माणूस तुमच्यासोबत बसेल."

"बसून काय करीन?"

"काही नाही सर. नुसता असेल."

"नुसता तं आमच्या इथं पंखा बी नाही ऱ्हात," साडूभाऊ म्हणाले. मग त्यांनी कपाटातून पावतीपुस्तक काढलं आणि कार्बन नीट बसवला. "तुमचं बी एक घर लिहितो. जे सगळ्यायची वर्गणी थेच तुमची. एक मत भेटीन. तुमी कितीबी मोठे असा, एक घर म्हंजे एक घर."

वर्गणीचा आकडा ऐकून साहेबांना वाटलं हे हजारांत बोलताहेत. गैरसमज दूर झाला तेव्हा खरी पंचाईत उभी राहिली. एवढी छोटी रक्कम पाठवायची सोयच त्यांच्या कंपनीत नव्हती! साहेबांनी फोन लावला, तिकडच्यानं आणखी कुणाला लावला, आणि निष्पन्न असं झालं, की या रकमेसाठी साडूभाऊंना आधी कंपनीचे अधिकृत पुरवठादार व्हावं लागेल. ज्या कंपनीला महाराष्ट्राची सगळी अक्षरं विकत घ्यायची होती तिला एका दुपारी एक वर्गणी फाडता येईना. शेवटी बाईंनी चिडून स्वतःच्या पर्समधून पैसे काढले. साडूभाऊंनी पावती फाडली, पण बाईंच्या नावानं. "पैसे तुमच्या घरचे, तं नाव तुमचं. कंपनीचं कसं लिहू?" त्या वर्षीच्या यादीत बाईंचं नाव आलं, पुसदच्या एका पत्रिकावाल्याच्या खाली. मी चार दिवस हसत होतो. वाशीमभर ही गोष्ट मीच पसरवली.

हसू मावळायला फार दिवस लागले नाहीत. कंपनीला साडूभाऊंच्या परवानगीची गरजच नव्हती, हे तिच्या वकिलांनी तिला समजावलं असणार. दार उघडंच होतं, पाटीही आत या अशीच होती. कंपनीनं तो प्रोग्राम उचलला, त्याला रंग दिला, नवं नाव दिलं, आणि पुढच्या सगळ्या सुधारणा कुलपात ठेवल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त याच्या फण्यावर कंपनीचं चिन्ह होतं. आणि बीळ सजवायला नागोबांना माणसं लागली. ती त्यांनी साडूभाऊंच्याच टोळक्यातून एकेक करून नेली. नांदेडचा गेला, सांगलीचा गेला. जाताना प्रत्येकानं भलंमोठं पत्र लिहिलं. त्यात कृतज्ञता काठोकाठ भरलेली होती आणि कम्युनिटी हा शब्द होताच.

मग एका दुपारी अनसिंगच्या सुनेचा फोन आला. मी रिसोडलाच, साडूभाऊंकडे बसलो होतो. साडूभाऊंचे हात पिठात होते, त्यांना स्वतःच्या भाकरी स्वतः थापायच्या असतात, तेही एक खूळच. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, त्यायनं मले बोलावलं," ती म्हणाली. "हेच काम, आपलंच. पगार चांगला हाय. तुमी नाही म्हनसान तं मी नाही जात."

"मले कायले विचारते? मी का तुया मालक हाय?"

"तसं नाही दादा."

"लेकरू झाल्यापासून किती जागी अर्ज केले तू? कोनी घेतलं?"

साडूभाऊंनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तिकडं जे दुरुस्त करशीन, थे इकडं बी धाडत जाशीन ना?"

"सही घेऊन राह्यले दादा," ती म्हणाली. "इकडं एक अक्षर बी द्याचं नाही, अशी."

"बरं. राहू दे मंग," साडूभाऊ म्हणाले. "जाय तू. चांगलं काम कर."

फोन बंद झाल्यावर माझं डोकं फिरलं. कंपनीला, तिच्या वकिलांना आणि टी-शर्टांना मी जे जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही, आणि छपाईवाल्यानं असं म्हणावं म्हणजे समजून घ्या. मग मी साडूभाऊंवर घसरलो. "तुमी थे एक अट घातली असती तं काय बिघडलं असतं? त्यायले कुलूप लावता आलं नसतं. आता बसा एकटे!"

"अट घातली असती तं थ्यायनं हे नेलंच नसतं," ते म्हणाले. "मंग पोरीले नोकरी कोनं देल्ली असती?" एवढं म्हणून त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. ती एका बाजूनं पार करपली होती. त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मी ती तशीच खाल्ली.

यंदाची बैठक उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी झाली. बैठक संगणकावरच होते, सगळे आपापल्या गावाहून पडद्यावर येतात. साडूभाऊंनी विषयपत्रिका काढली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. मला त्यांनी शेजारी बसवलं. "तू वापरतं ना प्रोग्राम? वर्गणी भर, घर झाला तू," असं म्हणून पावतीही फाडली. दहा वाजले, सव्वादहा झाले. पडद्यावर आमचा एक चौकोन. मग आणखी एक काळा चौकोन उगवला. चेहरा नाही, आवाज नाही, नुसतं अनसिंगच्या सुनेचं नाव. आणखी कुणी आलं नाही. जे कंपनीत गेले नव्हते ते कंटाळले होते.

साडूभाऊंनी अध्यक्ष म्हणून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. वर्षभरात आलेल्या तक्रारी वाचल्या, त्यांतल्या सगळ्या दुरुस्त केल्याचं वाचलं, कुणी केल्या ते वाचलं नाही. मग ठराव. हा प्रोग्राम यापुढेही कुणाच्या नावावर जाणार नाही, सगळ्यांसाठी मोकळा राहील, आणि आपण सगळे मिळून तो सांभाळू. "सूचक?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हात आहे.

"अनुमोदक?"

सूचक मीच होतो. अध्यक्षाला स्वतः अनुमोदन देता येत नाही. मी कुजबुजलो, "लिहा ना कोनाचंबी नाव, कोन पाहून राह्यलं?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी त्यांना चहाच विचारला असावा.

तेवढ्यात त्या काळ्या चौकोनाच्या कोपऱ्यात एक पिवळा हात उगवला. संगणकावर मत द्यायला दाबतात तो, चित्रातला.

साडूभाऊंनी तो पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. बैठकीचं सगळं रेकॉर्डिंग इंटरनेटवर कुणालाही पाहता येईल असं ठेवायचं, हा त्यांचाच नियम. ती जिथं नोकरी करते तिथंही ते दिसलंच असतं. "बाई," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना तिच्याशी असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं, "तुमी आज पाहुन्या हा. पाहुन्यायनं अनुमोदन द्याचं नाही, असा आपला नियम हाय."

असा नियम नाही. नियमावली मी छापली आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मुद्रितं मी तपासली आहेत. पोह्यांपायी स्वतःचं लग्न मोडायला निघालेल्या या माणसानं भर सभेत, अध्यक्षाच्या खुर्चीत बसून, सरळ सरळ खोटं सांगितलं. मला त्यांचा इतका राग यायचा, इतकी वर्षं यायचा, आणि त्या घटकेला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. आमच्यात तसली पद्धत नाही.

त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, की अनुमोदक न मिळाल्यामुळे ठराव पुढील सभेत घेण्यात यावा. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ. मग त्यांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा केलं. चौकोनातला पिवळा हात काही खाली आला नाही, आणि साडूभाऊंनाही संगणक बंद करवेना.